ड्रग्सच्या धंद्यावरून रेडिओ लायसन्स रद्द होणं (अमेरिका)

अमेरिकेत रेडिओचं लायसन्स देणारी संस्था म्हणजे एफसीसी. लायसन्सधारक ड्रग्सच्या धंद्यात दोषी ठरला तर ती त्याचं लायसन्स काढून घेऊ शकते, मग तो धंदा रेडिओवरून चालत असो वा नसो. पहिल्यांदा ऐकताना हे जरा विचित्र वाटतं, पण एफसीसीचं म्हणणं सरळ आहे की रेडिओ लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, त्या वापरायला दिल्यात त्या भरवशावर, आणि तो भरवसाच गेला तर लायसन्स कशाला ठेवायचं.

याचा पाया १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये आहे. कलम ३१२ म्हणतं की जे माहीत असतं तर मुळात लायसन्सच दिलं नसतं, असं काही नंतर उघड झालं तर स्टेशनचं लायसन्स रद्द करता येतं. यातूनच 'चारित्र्य' बघायची पद्धत आली. १९८६ मध्ये एफसीसीने ती बरीच आवळली होती, म्हणजे ब्रॉडकास्टिंगशी संबंध नसलेल्या गुन्ह्यांपैकी मुख्यतः फसवणूक आणि खोटेपणाचेच गुन्हे बघायचे. पण तो काळ ड्रग्सविरोधी मोहिमेचा, फ्लोरिडा आणि कॅरिबियनकडून बोटी, विमानं भरभरून माल यायचा आणि तस्कर एकमेकांशी रेडिओवर बोलायचे. १९८९ मध्ये एफसीसीने जाहीरच केलं की ड्रग्सच्या व्यापारात दोषी ठरलेल्याला, काही खास कारण नसेल तर, लायसन्स गमवावं लागेल, आणि १९९० मध्ये तर कुठलाही गंभीर गुन्हा चारित्र्याच्या हिशोबात धरायचं ठरलं.

दुसरा रस्ता कोर्टातून जातो. १९८८ च्या अँटी-ड्रग अब्यूज ॲक्टच्या कलम ५३०१ नुसार शिक्षा देतानाच जज केंद्र सरकारचे फायदे बंद करू शकतो, त्यात लायसन्सही आलं. ड्रग्स विकल्याच्या पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत, दुसऱ्याला १० पर्यंत, आणि तिसऱ्यांदा सापडला तर कायमचे, तिथे मग जजच्या मर्जीचाही प्रश्न उरत नाही. नुसतं जवळ बाळगल्याबद्दल पहिल्या वेळी जास्तीत जास्त १ वर्ष. म्हणून एफसीसीच्या बहुतेक अर्जांवर लिहून द्यावं लागतं की आपल्यावर अशी बंदी नाही, कंपनी असेल तर तिचे डायरेक्टर आणि ५ टक्के किंवा जास्त शेअर असलेले लोकही त्यात येतात.

गंमत म्हणजे हॅम (हौस म्हणून रेडिओ चालवणारे) आणि सिटिझन्स बँडवाल्यांना (सामान्य लोकांच्या जवळपासच्या बोलण्यासाठीचा रेडिओ) हे लिहून देण्यातून सूट आहे. पण त्यावरून हॅम सुटला असं समजू नका, चारित्र्याचा नियम त्यांनाही लावला जातो, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर हॅम लायसन्स गेल्याची उदाहरणं आहेत.

लायसन्स मात्र एका पत्राने जात नाही. आधी नोटीस, मग बाजू मांडायला किमान ३० दिवस, मागितली तर प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, आणि आरोप सिद्ध करायचं ओझं एफसीसीवर. गुन्हा किती जुना (साधारण १० वर्षांपलीकडचं बघत नाहीत), मालक स्वतः त्यात होता का, नंतर माणूस सुधारला का, हे सगळं तोललं जातं. मला तरी यात सुधारणेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण शिक्षा भोगून आलेल्याला पुन्हा माइकसमोर बसू द्यायचं का हे शेवटी त्यावरच ठरतं. आणखी एक फरक लोक विसरतात, स्टेशनचं लायसन्स आणि ऑपरेटरचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ऑपरेटरचं निलंबित करायला कायद्यात कलम ३०३(एम) असं वेगळं कलम आहे.