तळ्याला नाव आधीपासूनच होतं: रानाच्या ओढीमागची पार्श्वभूमी

हल्ली कोणी डोंगरावरून, जंगलातून परत आलं की हमखास सांगतं, तिथे गेल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, उगाचच डोळे भरून आले, पाय निघेना. ऐकणाऱ्यातल्या काही जणांना हे जरा नाटकी वाटतं. मला नाही वाटत. एखाद्या रानावर, नदीवर, उजाड कड्यावर माणसाचा जीव जडतो आणि तो खरोखरच जडतो. पण ही भावना कायम अशीच होती का, तिला नावं कधी पडली, कोणी दिली, हे बघायला बसलं की इतिहास बराच गुंतागुंतीचा निघतो आणि त्यातली एक गोष्ट वाचल्यापासून माझा पिच्छा सोडत नाहीये: जोवर जागा आपल्यापाशी असते तोवर त्या ओढीला नाव द्यायची गरजच कुणाला पडत नाही. नाव पडतं ते तुटल्यावर.

आधी आपल्याच शब्दांकडे बघू, कारण भाषेत जुनी भीती अजून तशीच बसलेली आहे. वनवास ही शिक्षा. कोणाचे हाल संपले की आपण म्हणतो, संपला एकदाचा वनवास. अरण्यरुदन म्हणजे जे ऐकायला कोणीच नाही असं रडणं. 'जंगल' ज्या संस्कृत शब्दावरून आला तो जांगल, आणि त्याचा मूळ अर्थ दाट झाडी नव्हताच मुळी, कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश असा होता, दाट झाडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. पण मराठीतला 'रान' बघा. तो अरण्यावरूनच आला आणि त्याचा अर्थ शेत असाही होतो, घरातला माणूस रानात गेलाय म्हणजे शेतावर गेलाय. ज्यांची रोजची भाकरी तिथून येत होती त्यांनी रान आणि शेत यांच्यात भिंत घातली नाही, दोन्हीला एकच शब्द पुरला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार महागात पडलाय.

निसर्गप्रेम ही युरोपातून आलेली गोष्ट आहे असं जे सर्रास लिहिलं जातं ते मला पटत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ संगम काव्यात प्रेमाच्या प्रत्येक अवस्थेला स्वतःचा भूप्रदेश नेमून दिलेला आहे. डोंगर म्हणजे मीलन, रान म्हणजे धीर धरून वाट बघणं, नदीकाठची शेती म्हणजे रुसवा, समुद्रकिनारा म्हणजे झुरणं, आणि उन्हानं करपलेला कोरडा माळ म्हणजे ताटातूट. डोंगराळ प्रदेशाला नाव दिलंय कुरिंजीचं, जी बारा वर्षांतून एकदा फुलते. म्हणजे त्या कवींना बाईच्या मनात काय चाललंय हे वेगळं सांगायची गरज नव्हती, ती कुठल्या जमिनीवर उभी आहे एवढं सांगितलं की काम झालं. मन आणि जागा वेगळ्या नाहीतच असं इतक्या आतून मांडणारं काही मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

युरोपात मात्र डोंगरांबद्दल बराच काळ अढी होती. इटलीचा कवी पेट्रार्क आपल्या पत्रात सांगतो की २६ एप्रिल १३३६ ला तो धाकट्या भावाला घेऊन व्हेंतू नावाचा डोंगर चढला, निव्वळ वर जाऊन बघायचं म्हणून. वर पोचल्यावर त्यानं सोबत नेलेलं संत ऑगस्टिनचं पुस्तक सहज उघडलं तर नेमकं असं वाक्य समोर आलं की माणसं डोंगर बघायला जातात आणि स्वतःकडे बघायचं विसरतात. तो इतका खजील झाला की खाली येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. डोंगर आवडला याची लाज वाटण्याचा तो काळ. त्यानंतर साडेतीनशे वर्षं गेली तरी, म्हणजे १६८१ मध्येही थॉमस बर्नेट हा इंग्रज धर्मपंडित लिहित होता की देवानं पृथ्वी गुळगुळीत बनवली होती, डोंगर हे महाप्रलयानंतर उरलेले भग्नावशेष आहेत.

आणि अगदी त्याच सुमाराला, १६८८ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात वैद्यकी शिकणाऱ्या १९ वर्षांच्या योहानेस होफरनं आपल्या प्रबंधात एका आजाराला नाव दिलं. नॉस्टॅल्जिया. ग्रीकमधला परतणं आणि वेदना असे दोन शब्द जोडून त्यानं तो बनवला. आज आपण जुनी गाणी ऐकताना हा शब्द सहज वापरतो, पण तेव्हा ते रीतसर निदान होतं. होफरनं दिलेली एक केस माझ्या डोक्यातून जात नाही. बर्न या दुसऱ्या स्विस शहरातला एक विद्यार्थी बाझेलला राहायला आलेला, खंगत चाललेला, ताप, काळजाची धडधड, बरं होण्याची आशा सोडलेली, शेवटी ठरलं की याला घरी तरी पोचवू. शहराबाहेर काही मैल गेले तेवढ्यातच त्याचा श्वास मोकळा व्हायला लागला आणि बर्न यायच्या आतच पोरगा बरा झालेला. औषध काहीच नाही, फक्त रस्ता घराकडे वळला होता.

परमुलखात लढायला गेलेल्या स्विस भाडोत्री सैनिकांमध्ये हा आजार इतका दिसायचा की त्याला स्विस आजार असंच म्हणायला लागले. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शॉइख्झर नावाच्या स्विस अभ्यासकानं त्याचं कारण हवेच्या दाबात शोधलं, उंचावरची विरळ हवा सोडून सपाटीवर आलं की शरीरावर भार येतो म्हणे, आणि उपाय काय, तर रोग्याला घरी पाठवता येत नसेल तर निदान एखाद्या टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यावर तरी न्या. कारण चुकीचं होतं हे आज कळतं, पण त्या माणसाला डोंगर हवाय एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

अठराव्या शतकात मग वारं फिरलं. एडमंड बर्क या विचारवंतानं १७५७ मध्ये भव्यतेवर निबंध लिहून सांगितलं की भीतीतही एक प्रकारचा आनंद असतो, कडा, वादळ, खवळलेला समुद्र सुरक्षित अंतरावरून बघताना तो मिळतो. सुरक्षित अंतर हे शब्द महत्त्वाचे. मग कवी आले, चित्रकार आले, ज्या आल्प्सना लोक पृथ्वीवरच्या चामखिळी म्हणायचे तिथे प्रवासी हौसेनं जायला लागले. याच्या खोलात मी जात नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला थांबायचंय ते १८५१ वर.

त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. मार्चच्या अखेरीस इंग्लंडात शिरगणती झाली आणि तिच्यातून दिसलं की निम्म्याहून जास्त लोक आता शहरांत राहतात, आधुनिक काळात एखाद्या मोठ्या देशात हे पहिल्यांदाच होत होतं. २३ एप्रिलला अमेरिकेत कॉंकर्ड गावात थोरो या लेखकानं रानटीपणावर व्याख्यान दिलं, त्याचं सार असं की जगाचं राखण रानटीपणातच आहे. हा तोच थोरो, जो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत दोन वर्षं दोन महिने दोन दिवस राहिला होता. आणि त्याच मार्च महिन्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात मॅरिपोसा बटालियन नावाची स्वयंसेवक सैनिकांची तुकडी योसेमिटीच्या खोऱ्यात शिरली. सोनं सापडल्यामुळे खाणवाल्यांचे लोंढे आले होते आणि खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आवानीची या मूळ रहिवाशांना तिथून हुसकायचं होतं.

या तुकडीत लाफायेत बनेल नावाचा माणूस होता, डॉक्टरी काम बघणारा. त्यानं नंतर लिहून ठेवलंय की खोरं पहिल्यांदा दिसलं तेव्हा एक विलक्षण भावना सगळ्या अंगात भरून आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याचं ते रडणं खोटं होतं असं मला अजिबात वाटत नाही. आणि त्याच मोहिमेत त्याच तुकडीनं तिथल्या लोकांची घरं आणि वर्षभरासाठी साठवलेले ओकच्या बियांचे साठे जाळले, कारण खायला उरलं नाही की लोक आपोआप बाहेर पडतील. दोन्ही गोष्टी एकाच जागी, काही दिवसांच्या अंतरानं. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

मे महिन्यात दुसरी मोहीम झाली. आवानीचींचा म्हातारा नायक टेनाया पकडला गेला होता, त्याच्या धाकट्या मुलाला सैनिकांनी आधीच गोळी घातली होती. वर डोंगरात एका तळ्याकाठी त्याची उरलीसुरली माणसं सापडली. बनेलनं टेनायाला सांगितलं की आम्ही या तळ्याला तुझं नाव देतोय. म्हाताऱ्याला आधी काही कळेचना. मग तळ्याच्या वरच्या अंगाच्या चकाकणाऱ्या शिखरांकडे बोट करून तो म्हणाला, याला नाव आहे की, आम्ही याला पायविॲक म्हणतो. तेव्हा बनेलनं समजावलं की तुझी माणसं इथे सापडली आणि ती आता इथे राहायला परत येणार नाहीत, म्हणून हे नाव. टेनायाचा चेहरा उतरला आणि तो तिथून उठून गेला. हे सगळं बनेलनंच लिहून ठेवलंय.

पुढचा इतिहास संवर्धनाचा म्हणून शिकवला जातो आणि तो तसा आहेही. १८६४ मध्ये लिंकननं योसेमिटी खोरं जनतेसाठी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली, १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. १८६८ मध्ये जॉन म्यूर हा निसर्गलेखक योसेमिटीत आला आणि उरलेलं आयुष्य त्या डोंगरांवर उधळून दिलं. हेच हेची नावाचं शेजारचं खोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी बुडवायचं ठरलं तेव्हा त्यानं जिवाच्या आकांतानं विरोध केला, देशभरातून पत्रं गेली, ज्यांनी ते खोरं कधी बघितलंही नव्हतं त्यांनीही लिहिलं. तरी डिसेंबर १९१३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली आणि पुढच्याच डिसेंबरात म्यूर गेला. एखादी जागा फक्त तिच्यावर प्रेम आहे म्हणून वाचवा अशी मागणी देशाच्या पातळीवर इतक्या जोरात बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा झाली आणि ती हरली.

पण त्या प्रेमाचं एक आंधळेपण होतं. योसेमिटीतली मोकळी कुरणं आणि ऐसपैस ओक बघून पाहुण्यांना वाटायचं की हा अस्पर्श निसर्ग आहे. तो तसा दिसत होता कारण आवानीची लोक पिढ्यान् पिढ्या बेताबेतानं आग लावून खालची झुडपं साफ ठेवत होते. माणसं गेली, आगी थांबल्या आणि कुरणांवर झाडी चढत गेली. तरीही कल्पना पक्की होत गेली की खरं रान म्हणजे जिथे माणूस नाही ते. १९६४ च्या अमेरिकन वन्यभूमी कायद्याच्या व्याख्येतच आहे, जिथे माणूस हा पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही. जगात बऱ्याच ठिकाणी अभयारण्यं याच साच्यातून निघाली आणि त्यात राहणारे लोक एका रात्रीत अतिक्रमणवाले ठरले. ज्यांच्या भाषेत रान आणि शेत एकच होतं त्यांना हे कसं समजावणार?

विज्ञान या विषयाकडे वळलं ते बरंच उशिरा. यी-फू तुआन या भूगोलज्ञानं १९७४ मध्ये जागेवरच्या प्रेमावर आख्खं पुस्तक लिहिलं, एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये जिवंत सृष्टीची ओढ माणसात उपजतच असते अशी मांडणी केली. त्याच वर्षी रॉजर उल्रिकचा छोटासा अभ्यास आला. पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. नमुना लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मला तो वाचताना हटकून शॉइख्झरचा मनोरा आठवतो, तोही खिडकीच शोधत होता.

मग २००३ मध्ये आणखी एक नाव पडलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणी पसरत चालल्या होत्या, डोंगर खणले जात होते, धूळ, सुरुंगांचे आवाज, रात्रभर दिवे. तिथले लोक ग्लेन अल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाकडे आपलं दुःख सांगायचे आणि त्याला कळेना याला म्हणायचं काय, कारण ही माणसं कुठे गेलेलीच नव्हती, त्याच घरात, त्याच अंगणात बसून त्यांना घरची आठवण येत होती. त्यानं शब्द बनवला सोलास्टॅल्जिया, मुद्दाम नॉस्टॅल्जियाच्या वळणावर. होफरच्या विद्यार्थ्यानं जागा सोडली होती, इथे जागाच माणसाला सोडून चालली होती. बर्नच्या पोराला निदान परतीचा रस्ता होता. १८ ऑगस्ट २०१९ ला आइसलँडमध्ये ओक्योकुल या संपलेल्या हिमनदीसाठी माणसं डोंगर चढून गेली आणि तिच्या नावाची पाटी बसवून आली, ते ह्याच दुःखाचं रूप.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत व्हेनुआ म्हणजे जमीन आणि व्हेनुआ म्हणजेच बाळाची वार. आपण नाळ जुळलीय असं म्हणतो ते बोलण्यापुरतं, त्यांच्यात ती वार खरोखर आपल्या जमिनीत पुरतात. व्हांगानुई नदीकाठच्या माओरींनी १८७० च्या दशकापासून सरकारशी भांडण चालू ठेवलं होतं, आणि त्यांचं एक जुनं वचन आहे, मी नदी आहे, नदी म्हणजे मी. मार्च २०१७ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या त्या नदीला कायद्यानं व्यक्ती मानलं. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमली जातात, एक सरकारनं, एक नदीकाठच्या लोकांनी. इथे नदी वाचवायला काठावरच्या कुणाला उठवलं नाही, उलट तिच्या वतीनं बोलायचा मान त्यांना मिळाला, आणि मला वाटतं १८५१ नंतरची सगळ्यात मोठी दुरुस्ती हीच आहे.

योसेमिटीतलं ते तळं मात्र नकाशावर अजून टेनाया लेकच आहे. पायविॲक हे नाव त्याच्या जवळच्याच एका घुमटासारख्या कातळाला मिळालंय.