दुसऱ्याची फजिती बघवत नाही, तरी नजर हटत नाही

"बिग बॉस बघणारे लोक बिनडोक असतात" हे वाक्य दर सीझनला ऐकू येतं. कदंबच्या बसमध्ये ऐकू येतं, फोंड्याला नाटकाच्या तालमीत चहा पिताना ऐकू येतं, आणि बोलणारा माणूस बहुतेक वेळा त्याच दमात सांगून टाकतो की तो स्वतः असलं काही बघत नाही. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते नुसतं उद्धट नाही, ते चूक आहे. स्टीव्हन रीस आणि जेम्स विल्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 239 जणांना रिॲलिटी शो किती बघता, किती आवडतात हे विचारलं आणि सोबत त्यांच्या स्वभावातल्या मूळ ओढी मोजल्या. हा पेपर 2004 चा. डोकं चालवायची आवड बघणाऱ्यांत आणि न बघणाऱ्यांत जवळपास सारखीच निघाली. मोठा फरक निघाला तो मानमरातबाच्या ओढीत, म्हणजे आपण कुठल्या पायरीवर, दुसरा कुठल्या पायरीवर याची ज्यांना जास्त पडलेली असते त्यांना हे शो जास्त आवडतात. म्हणजे हा अकलेचा नाही, स्वभावाचा मामला आहे.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. गेल्या चवथीला मार्दोळला मावशीकडे आरती, जेवण सगळं आटपून आम्ही टीव्हीसमोर पसरलो होतो, कुठल्यातरी गाण्याच्या शोच्या जुन्या ऑडिशन चालू होत्या. एक मुलगा आला, इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, डोळे मिटून गायला लागला आणि पहिल्याच ओळीत पट्टी सोडली. वरच्या सुराला गेला तिथे तर काही राहिलंच नाही, पण चेहऱ्यावर इतकं समाधान की बस. जज एकमेकांकडे बघून ओठ दाबतायत. मावशी सरसावून पुढे बसली, काकांनी तोंडावर हात घेतला पण बोटांच्या फटीतून बघतच होते, आणि मावसभाऊ सरळ उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथून ओरडतोय, "आई, आवाज तरी कमी कर, मला बघवत नाही. गेला का तो?"

आता नीट बघा, त्या मुलाला लाज वाटत नव्हती, तो मजेत गात होता. मग मावसभावाला जी लाज वाटली ती आली कुठून?

यावर खरंच संशोधन झालंय. जर्मनीत मारबुर्गला झोरेन क्राख आणि सहकाऱ्यांनी 2011 साली लोकांना छोटे छोटे प्रसंग दिले, कोणी चिखलात घसरून पडतो, कोणी पँटची चेन उघडी ठेवून फिरतोय आणि त्याला पत्ताच नाही, असे. लोक एमआरआय मशीनमध्ये पडून हे प्रसंग बघत होते. समोरच्याला स्वतःला लाज वाटो न वाटो, बघणाऱ्याला वाटलीच, आणि त्या वेळी मेंदूतल्या दोन जागा जास्त काम करताना दिसल्या, एक अँटेरिअर, म्हणजे पुढची, इन्सुला आणि दुसरी अँटेरिअर सिंग्युलेट, ही मेंदूच्या दोन अर्धांमध्ये आतल्या बाजूला असते. पुढे 2015 मध्ये जर्मनीतल्याच दुसऱ्या गटाने थेट रिॲलिटी शोच्या क्लिपा दाखवून या उसन्या लाजेचा, म्हणजे दुसऱ्याच्या फजितीची आपल्याला वाटणाऱ्या लाजेचा, असाच अभ्यास केला.

इन्सुला म्हणजे मेंदूच्या बाजूची जी मोठी खाच आहे तिच्या आत दडलेला भाग, वरच्या घड्या बाजूला केल्याशिवाय तो दिसतच नाही. शरीराच्या आतल्या बातम्या इथे येतात: छातीतली धडधड, पोटातला गोळा, श्वास, वेदना, थंडी-उष्णता. 2004 साली लंडनमध्ये ह्यूगो क्रिच्लीच्या गटाने एक सुंदर प्रयोग केला. माणसाला बीप ऐकवायचे आणि विचारायचं, हे बीप तुझ्या ठोक्यांबरोबर वाजतायत की मागे पडतायत? नाडीला हात लावायचा नाही, आतून ओळखायचं. ज्यांना हे बरोबर ओळखता आलं त्यांची उजवी अँटेरिअर इन्सुला जास्त काम करत होती. म्हणजे 'मला आत काहीतरी होतंय' हे आपल्याला जाणवतं त्यात या जागेचा मोठा हात आहे.

आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, तानिया सिंगर यांचा प्रयोग. 16 जोडपी घेतली, बाई मशीनमध्ये, तिचा जोडीदार शेजारी बसलेला, दोघांच्या हाताला वायरी. कधी तिला शॉक, कधी त्याला, आणि कोणाला बसणार ते तिला खुणेने आधी कळायचं. स्वतःला शॉक बसला तेव्हा वेदनेचा सगळा पट्टा जागा झाला. त्याला बसला तेव्हा अर्धाच झाला! कुठे दुखतंय, किती जोरात दुखतंय हे सांगणारा भाग गप्प राहिला, पण 'किती वाईट वाटतंय' यातला भाग, म्हणजे अँटेरिअर इन्सुला आणि सिंग्युलेट, दोन्ही वेळा जागे. दुसऱ्याच्या वेदनेतून आपण नेमकं काय उचलतो हे इतकं स्वच्छ दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. मावसभाऊ स्वयंपाकघरात पळाला तो काही नखरा नव्हता, त्याच्या पोटात खरंच गोळा आला होता.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, हां, मिरर न्यूरॉन! समोरचा हसला की आपण हसतो, तो रडला की आपण रडतो, ते आरशासारखे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, असतात ना. इटलीत पार्मा विद्यापीठात 1990 च्या दशकात माकडांच्या मेंदूत असे न्यूरॉन सापडले हे खरं, आणि तो शोध मोठाच आहे, पण तो हाताच्या हालचालींबद्दल होता, माकडाने स्वतः वस्तू उचलली किंवा दुसऱ्याने उचललेली बघितली की तोच न्यूरॉन चालू. तिथून उडी मारून माणसाची करुणा, कला, संस्कृती सगळं मिरर न्यूरॉनच्या खात्यात टाकायची जी फॅशन आली ती नुसती हवा आहे. आपल्या या मुलाकडेच बघा, मेंदू जर त्याची नुसती नक्कल करत असता तर आपल्यालाही आनंदच व्हायला हवा होता, कारण तो आनंदात होता.

म्हणजे नक्कल नाही, इथे हिशोब चालू आहे, आणि तो हिशोब जबरदस्त आहे. मुलाला वाटतंय की जजना आपलं गाणं आवडतंय, जजना ते आवडत नाहीये, मुलाला हे माहीत नाही, आणि त्याला माहीत नाही हे आपल्याला माहीत आहे. एकाच्या मनात दुसऱ्याचं मन, त्यात परत तिसऱ्याचं, असे एकात एक कप्पे आपण काही न ठरवता क्षणात उघडतो. दुसऱ्याला चुकीची माहिती असू शकते एवढी पहिली पायरी साधारण चार वर्षांच्या मुलाला नीट जमायला लागते. त्यासाठी कपाळामागचा मधला भाग आणि कानाच्या वर-मागे असलेला टेंपोरोपरायटल जंक्शन हे भाग कामाला लागतात. यांनी दरी मोजली, म्हणजे त्याला काय वाटतंय आणि लोक त्याला काय समजतायत यातलं अंतर, की मग ती बातमी इन्सुलाकडे जाऊन पोटातला गोळा होते, असं चित्र आता साधारण मांडलं जातं.

साधारण असं मुद्दाम म्हणतोय. या सगळ्या प्रयोगांतली एफएमआरआय मशीन, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याची चित्रं घेणारी एमआरआय, न्यूरॉन बघत नाही. ती बघते रक्त, म्हणजे ऑक्सिजन असलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगळं वागतं त्याचा फरक. न्यूरॉननी काम केलं की तिकडे जास्त रक्त धावतं, आणि हा सिग्नल शिगेला पोचायला पाचेक सेकंद जातात. शिवाय चित्रातला एकेक ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, त्यात लाखो न्यूरॉन. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार उठल्यावर जमिनीवर काय पडलंय ते बघून दुपारी गर्दी कुठे होती ते सांगायचं, तसं हे काम आहे. सांगता येतं, पण बेताने. आणि उलटं तर अजिबात करायचं नाही, म्हणजे इन्सुला जागी झाली म्हणून याला लाजच वाटली असं म्हणायचं नाही, कारण किळस आली, दुखलं, भीती वाटली तरी तीच जागा जागी होते.

हे सांगायचं कारण म्हणजे रिॲलिटी शोवर फिरणारे मेसेज. दर भांडणाला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा शॉट मिळतो, मेंदू सडतो, एवढे दिवस डोपामिन डिटॉक्स करा. डोपामिन हा काही मजेचा रस नाहीये. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की डोपामिनचे न्यूरॉन बक्षीस मिळालं म्हणून नाही, तर अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळतात आणि ठरल्याप्रमाणे मिळालं की शांत राहतात. ते शिकण्याचं यंत्र आहे. उपवास करून ते धुवून निघत नाही. आणि फिनाले जवळ आला की स्पर्धकांच्या पत्रिका मांडून विजेता सांगणारे येतात तोही प्रकार आता बंद व्हायला हवा. मतं लोक मोबाईलवरून देतात, गुरू-शनी देत नाहीत, आणि दहा ज्योतिषांनी दहा नावं घेतली की एकाचं बरोबर येणारच, मग वर्षभर तोच व्हिडिओ फिरतो.

असो, मूळ मुद्द्यावर येतो. उसनी लाज सगळ्यांना वाटते तर मावशी पुढे का सरसावली? एक तर क्राख यांच्या अभ्यासात ज्यांच्यात सहानुभूती जास्त त्यांना ही लाजही जास्त वाटते असं दिसलं, म्हणजे आवाजाचं बटण प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं. ज्याचं फार वर आहे त्याला असले शो सहनच होत नाहीत, आणि "मला आवडत नाही" म्हणणाऱ्यांत असे बरेच असावेत असं मला वाटतं. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते शो बनवणाऱ्यांच्या हातात असतं.

2006 मध्ये सिंगर यांनी शॉकचा प्रयोग परत केला, पण आधी पैशांचा खेळ ठेवला. दोन खेळाडू, एक सरळ खेळणारा, एक लबाडी करणारा. नंतर या दोघांना शॉक बसताना दाखवलं. सरळ माणसासाठी सगळ्यांची इन्सुला हळहळली. लबाड माणसाच्या वेळी पुरुषांमध्ये ती हळहळ दिसेनाशी झाली आणि त्याऐवजी बक्षिसाशी संबंधित भाग जागा झाला, बायकांमध्ये तेवढा फरक पडला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावरून पुरुष असे, बायका तशा असं कोणी ठोकून देऊ नये. पण करुणा ही नळासारखी बंद-चालू होऊ शकते आणि 'हा माणूस लायकीचा नाही' एवढं पटलं तर पुरतं, हे त्यातून दिसतं. 2009 मध्ये जपानमध्ये ताकाहाशी यांच्या गटाने दाखवलं की ज्याचा हेवा वाटतो त्याचं वाईट झालं की मेंदूतला बक्षिसाचा भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, जागा होतो.

आता बिग बॉसचा एक भाग या नजरेने बघा. घरात दिवसाचे चोवीस तास कॅमेरे चालू, आपल्याला दिसतो तासभर, त्यातही जाहिराती. बाकीचं कापलं जातं. ज्याची शनिवारी खरडपट्टी निघणार त्याचा माज आठवडाभर दाखवून ठेवतात, भांडी न घासता झोपलेला, दुसऱ्याचा डबा उघडताना, मागे तसलं म्युझिक. म्हणजे आधी लबाड खेळाडू तयार करायचा, मग शॉक द्यायचा. चेहरे जोडायची ट्रिक तर शंभरेक वर्षं जुनी आहे, रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीनंतर, एकदा शवपेटीनंतर लावला की बघणाऱ्याला त्यात भूक किंवा दुःख दिसतं हे सांगून ठेवलंय. ऑडिशनमध्ये बेसूर ओळीनंतर जजचा जो चेहरा येतो तो त्याच ओळीचा असेल असं काही नाही, टाळ्या आणि चेहरे बरेचदा वेगळे घेऊन ठेवतात. 2021 च्या मे महिन्यात, कोविडमुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद होतं तेव्हा कितीतरी मालिका आणि शो गोव्यात येऊन शूट करत होते, इथल्या केसेस वाढल्यावर त्यांच्या परवानग्या रद्द झाल्या. त्या दिवसांत ज्यांना सेटवर डोकावायला मिळालं असेल त्यांना हे नव्याने सांगायला नको.

बाकी आकर्षणाची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, माणसाला माणसांच्या गजाली हव्याच असतात. रॉबिन डनबार यांनी लोकांच्या गप्पा ऐकून ऐकून मोजलं तर साधारण दोन तृतीयांश वेळ कोण कोणाशी कसं वागलं यावरच जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये बिग ब्रदर सुरू झालं, 2006 मध्ये हिंदीत आलं, 2018 मध्ये मराठीत, आणि दर ठिकाणी चाललं यात नवल नाही.

माझा आक्षेप बघणाऱ्यांवर नाही. माझा आक्षेप त्या एका प्रकारावर आहे जिथे समोरच्याला माहीतच नाही की त्याच्यावर हसलं जातंय. बिग बॉसच्या घरात जाणारा निदान काय घेतोय, काय देतोय ते जाणून जातो. ऑडिशनला आलेला पोर गायला आलेला असतो, त्याला विनोद म्हणून आत सोडलेलं असतं. ब्रिटनमध्ये लोकांची घरगुती भांडणं टीव्हीवर मांडणारा जेरेमी काइल शो 2019 मध्ये एका पाहुण्याच्या मृत्यूनंतर बंदच केला गेला. आपल्याकडे त्याच वर्षी केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने मुलांच्या डान्स शोबद्दल चॅनलांना सूचना काढली, मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या प्रकारे दाखवू नका म्हणून. पण ती मुलांपुरती आणि नाचापुरती. बेसूर गाणाऱ्या वीस वर्षांच्या पोराची क्लिप जजच्या चेहऱ्यांसकट, म्युझिकसकट त्याला आधी दाखवावी आणि मग विचारावं, लावू का टीव्हीवर? त्याने हो म्हटलं तर खुशाल लावा. सही ऑडिशनच्या आधी नको, एडिट बघून झाल्यावर घ्या.