जड लाकूड म्हणजे जास्त जळण?

‘सरपण घेताना जड ओंडके निवडा, तेच जास्त वेळ जळतात,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. बाभूळ पांगाऱ्यापेक्षा जड असते आणि जास्त टिकते, म्हणून तो पटतोही. पण ही तुलना दोन्ही लाकडं वाळलेली असतानाच खरी ठरते.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. तशा 100 किलोंत लाकूड 50 किलोच. वाळून पाणी 20 टक्क्यांवर आलं की तोच ढीग 62.5 किलो भरतो. म्हणजे ओलं 8 रुपये किलो असेल, तर वाळलेलं 12 रुपये 80 पैशांनाही महाग नाही. लाकूड तेवढंच मिळतं. शिवाय ओल्याची बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि धूर चुलीपाशी बसणारीच्या डोळ्यांत. वाळवण्यासाठी महिनोन्‌महिने जागा अडवणाऱ्या वखारवाल्याचा चढा दर मला तरी रास्तच वाटतो.

पडताळायचं असेल तर एक ओंडका फोडून घ्या. आतली बाजू गार, दमट लागली तर तो ओला. वाळलेल्याच्या टोकांना भेगा असतात, दोन तुकडे आपटले की खणखणीत वाजतात. खात्रीच हवी असेल तर एक ढलपी तोलून कडक उन्हात ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत रोज तोला. घटलं तेवढं पाणी.