विंचेस्टर मॉडेल 70 आणि 1964 ची विभागणी

अमेरिकेत जुन्या शिकारी रायफलींच्या खरेदी-विक्रीत ‘चौसष्टपूर्वीची’ एवढे एक विशेषण लागले की किंमत लक्षणीय वाढते. हे विशेषण प्रामुख्याने विंचेस्टर कंपनीच्या दोन रायफलींना लावले जाते : 1894 ची मॉडेल 94 आणि 1936 साली जाहीर झालेली मॉडेल 70. एकाच कारखान्याने, एकाच नावाने विकलेल्या वस्तूची एका वर्षाच्या आधीची आणि नंतरची अशी कायमची वाटणी ग्राहकांनी करावी, हे औद्योगिक इतिहासात क्वचितच घडते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीची ही परंपरा संपली असली, तरी घडीव, ओतीव आणि यंत्रावर कातलेल्या भागांच्या अर्थकारणाचा हा इतिहास कोल्हापूरच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्या वाचकाला परका वाटणार नाही.

मॉडेल 70 चे मूळ जर्मनीत, ओबर्नडॉर्फ येथील पॉल माउझर यांच्या 1898 च्या लष्करी रायफलीत आहे. त्या रचनेत बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या, हाताने पुढे-मागे सरकवायच्या दांड्याच्या) बाजूने एक लांब, लवचीक पोलादी आकडा बसवलेला असतो. मॅगझिनमधून (काडतुसे साठवणाऱ्या कप्प्यातून) वर येणारे काडतूस तो सुरुवातीलाच कडेने पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत सोडत नाही. त्यामुळे बोल्ट अर्धवट सरकवून मागे ओढला, तरी दोन काडतुसे एकमेकांवर आदळून अडकत नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती अशाच बोल्ट-पद्धतीच्या रायफली होत्या आणि घरी परतल्यावर शिकारीसाठीही त्यांना तशीच रायफल हवी होती. विंचेस्टरने 1925 मध्ये मॉडेल 54 आणली. पुढे कंपनी दिवाळखोरीत निघाली, 1931 च्या अखेरीस ऑलिन कुटुंबाने ती विकत घेतली आणि त्यांच्या काळात मॉडेल 54 मधील उणिवा दूर करून मॉडेल 70 तयार झाली.

या रायफलीची घडण तिच्या काळाला साजेशी होती. बोल्ट आणि नळी ज्यात बसतात तो रिसीव्हर तापवून ठोकलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढला जाई. त्यासाठी एकामागून एक अनेक यंत्रे, प्रत्येक यंत्रावर वेगळी पकड आणि वेगळा कामगार लागे, आणि शेवटी भाग एकमेकांशी जुळवण्यासाठी कानस हाती घ्यावी लागे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे आणि त्याच्यावरची जाळीदार नक्षी हाताने कापली जाई. चापाची यंत्रणा मोजक्या भागांची आणि उघडी असल्यामुळे धूळ किंवा बर्फ आत साचून ती सहसा अडत नसे. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे शस्त्रविषयक संपादक जॅक ओ’कॉनर यांनी पॉइंट 270 (0.270 इंच नळीच्या) काडतुसाचा आणि त्यासोबत या रायफलीचा वर्षानुवर्षे पुरस्कार केला. तिच्या प्रतिष्ठेत त्यांच्या लेखनाचा वाटा मोठा आहे. तरीही त्या काळातील सर्व रायफली सारख्या नाहीत, हे नोंदवणे आवश्यक आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला यंत्रे जुनी झाली होती, मजुरी वाढली होती, आणि शेवटच्या काही वर्षांतील रायफलींवर कातकामाच्या खुणा व घाईने केलेले जोडकाम दिसते, असे जाणकार संग्राहकही मान्य करतात.

खरा धक्का बाहेरून आला. रेमिंग्टन कंपनीने 1948 मध्ये मॉडेल 721 आणि 722 बाजारात आणल्या. अभियंता माइक वॉकर यांचा या रचनेत प्रमुख सहभाग होता. त्यांचा रिसीव्हर ठोकलेल्या ठोकळ्याऐवजी गोल पोलादी सळईतून लेथवर कातलेला होता. धक्का पेलणारी जाड चकती वेगळी करून नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसवलेली होती. लांब आकड्याच्या जागी बोल्टच्या तोंडातच एक छोटी स्प्रिंगसारखी पट्टी आली होती. आणि चापाभोवतीची कडी पत्र्यातून दाबून काढलेली होती. दिसायला या रायफली साध्या होत्या, पण त्या स्वस्त, मजबूत आणि नेमबाजीत अचूक होत्या. गोल रिसीव्हर कातायला सोपा होता आणि अचूक बसवायलाही. त्याच पायावर अधिक देखणी मॉडेल 700 1962 मध्ये आली, तेव्हा जुन्या पद्धतीने रायफल बनवून त्याच किमतीत विकणे विंचेस्टरला परवडेनासे झाले.

1964 मध्ये विंचेस्टरने मॉडेल 70 ची रचना बदलली. लांब आकडा गेला आणि काडतूस नुसते पुढे ढकलणारा बोल्ट आला. हाताने कापलेल्या नक्षीऐवजी तापवलेल्या साच्याने दाबलेली नक्षी आली आणि नळी व दस्ता यांच्यामध्ये डोळ्यांत भरेल एवढी फट ठेवली गेली. मॉडेल 94 मध्ये काडतूस वर उचलणारा भाग पत्र्याचा झाला आणि भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पोकळ पिना आल्या. ग्राहकांची नाराजी तत्काळ आणि तीव्र होती. मात्र नव्या मॉडेल 70 ला सरसकट निकृष्ट म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या बोल्टचे तोंड काडतुसाच्या बुडाला अधिक पूर्णपणे वेढत होते, त्यामुळे पुंगळी फुटल्यास वायू मागे येण्याचा धोका कमी झाला होता, आणि नळ्यांचा नेमही चांगला लागत होता. माझ्या मते विंचेस्टरची चूक खर्च कमी करण्यात नव्हती. हाताला आणि डोळ्याला सर्वांत आधी जाणवणाऱ्या भागांतच तिने काटकसर केली, ही तिची चूक होती.

याचा पुरावा चारच वर्षांनी मिळाला. बिल रुगर यांच्या कंपनीने 1968 मध्ये मॉडेल 77 आणली. तिचा रिसीव्हर घडीव नव्हता; मेणाचा नमुना वितळवून तयार केलेल्या साच्यात तो ओतलेला होता. ओतकामामुळे मिलिंगचा बराचसा खर्च वाचला, पण दस्त्याची आखणी लेन ब्राउनेल या कसबी कारागिराकडे सोपवलेली होती, नक्षी कापलेली होती आणि माउझरची आठवण देणारा लांब आकडाही दिसत होता. ओतीव रिसीव्हर असूनही शिकाऱ्यांनी ती आपलीशी केली. विंचेस्टरनेही 1968 पासून आपल्या रायफलीत टप्प्याटप्प्याने सुधारणा केल्या, परंतु ‘चौसष्टनंतरची’ हा शिक्का पुसला गेला नाही.

विंचेस्टरच्या न्यू हेवन येथील कारखान्यात 1979-80 मध्ये दीर्घ संप झाला आणि 1981 मध्ये ऑलिनने तो कारखाना एका नव्या कंपनीला विकला. ती कंपनीही 1986 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे बेल्जियमच्या एफएन या शस्त्रनिर्मात्या समूहाकडे मालकी आली. लांब आकड्याची मॉडेल 70 ‘क्लासिक’ या नावाने 1992 मध्ये नियमित उत्पादनात परतली. ज्या कातकामासाठी पूर्वी यंत्रांची रांग आणि तितकेच कामगार लागत, ते संगणक-नियंत्रित यंत्र एकाच पकडीत करू लागल्याने हे शक्य झाले. न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद पडला; त्यानंतर उत्पादन दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे सुरू झाले आणि पुढे जुळणी पोर्तुगालला गेली.

दरम्यान स्वस्त रायफलींचा मार्ग स्वतंत्रपणे पुढे गेला. सॅव्हेज कंपनीने 1958 च्या मॉडेल 110 मध्ये नळी एका नटाने आवळून बसवण्याची पद्धत आणली होती. त्यामुळे काडतुसाच्या घराची खोली जुळवण्यासाठी कुशल हाताची गरज जवळजवळ उरली नाही. आज रुगर अमेरिकनसारख्या कमी किमतीच्या रायफलीत साच्यातून काढलेला प्लास्टिकचा दस्ता असतो आणि हाताने जुळवण्याचे काम जवळजवळ नसते, तरीही बहुतेक जुन्या मॉडेल 70 पेक्षा तिच्या गोळ्या निशाणावर एकमेकींच्या अधिक जवळ लागतात. घडणीचा दर्जा घसरला की सुधारला, या वादात दोन्ही बाजू बरोबर वाटतात, कारण पृष्ठभागाची सफाई आणि लाकूडकाम खाली आले, तर नळीची अचूकता आणि भागांमधील एकसारखेपणा वर गेला. चौसष्टपूर्वीची मॉडेल 70 आज घेणाऱ्याने तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते : सुमारे 5 लाख 80 हजार रायफली बनल्या असल्या, तरी त्यांतील अनेकींचे दस्ते कापले गेले आहेत, नळ्या बदलल्या गेल्या आहेत किंवा दुर्बिणीसाठी जास्तीची छिद्रे पाडली गेली आहेत, आणि कारखान्यातून निघाल्या तशा उरलेल्यांनाच संग्राहक पूर्ण किंमत देतात.