कापला, पण भरला नाही: पीएफ-पेन्शनच्या हक्कामागचा इतिहास

पगाराची पावती हातात आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये, आणि वजावटीच्या रकान्यात 'पीएफ १,८००'. मोबाइलवर पासबुक उघडलं तर शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. मधल्या चौदा महिन्यांत पैसे कापले गेले, पण खात्यात पोचले नाहीत. मालकाच्या हिश्शाचे १,८०० सुद्धा आले नाहीत. त्यातले १,२५० पेन्शनसाठी आणि ५५० भविष्यनिर्वाह निधीत जायला हवे होते. दोन्ही मिळून महिन्याला ३,६००, म्हणजे चौदा महिन्यांचे ५०,४०० रुपये.

'मालकाने भरलंच नाही, आता मी काय करू?' हा प्रश्न या कायद्याइतकाच जुना आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यातलं जवळजवळ प्रत्येक कडक कलम आधीच्या कुठल्या ना कुठल्या बुडवेगिरीला दिलेलं उत्तर आहे. म्हणून आजचे हक्क समजून घ्यायचे तर ते कशातून आले हे पाहावं लागतं.

सुरुवातीला हक्क असं काही नव्हतंच, होती ती मालकाची मर्जी. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. या गोष्टी कौतुकाच्या होत्या यात शंका नाही. पण चांगला मालक लाभला तर म्हातारपणाची सोय, नाही तर गावाकडचा रस्ता, अशीच बाकी सगळीकडे स्थिती होती. १९२५ चा प्रॉव्हिडंट फंड्स कायदा झाला तो मुख्यतः सरकारी आणि रेल्वेच्या फंडांपुरता. कर्मचाऱ्याच्या फंडावर सावकाराला जप्ती आणता येऊ नये, हा त्याचा रोख. मालकानेच पैसे भरले नाहीत तर काय, हा प्रश्न खाजगी कारखान्यातल्या कामगारासाठी तेव्हा उभाच राहिला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर बदललं. १९४८ मध्ये कोळसा खाणींसाठी सक्तीचा फंड आला. त्याच वर्षी इतर कामगारांसाठी एक खाजगी विधेयक संसदेपुढे आलं आणि सरकार स्वतःच व्यापक कायदा करील या आश्वासनावर मागे घेतलं गेलं. १५ नोव्हेंबर १९५१ ला वटहुकूम निघाला आणि १९५२ मध्ये कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कायदा झाला. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड हे सहा उद्योग आणि पन्नास किंवा अधिक कामगारांचे कारखाने एवढीच तेव्हा त्याची व्याप्ती होती. पण कापडउद्योग त्यात असल्याने मुंबईच्या गिरण्या पहिल्याच फेरीत कायद्याखाली आल्या. वर्गणी सव्वासहा टक्के. हा आकडा आज विचित्र वाटतो, पण तेव्हाच्या हिशेबात तो सरळ होता: रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. मालकाची देणगी होती ती मालकाचं देणं झाली, हा या कायद्याचा खरा पालट.

१९६० मध्ये पन्नासची अट वीसवर आली आणि तिथून एक नवी युक्ती जन्माला आली: मस्टरवर एकोणीस. विसावा माणूस 'रोजंदारीवर', एकविसावा 'ठेकेदाराचा', शेजारच्या गाळ्यातले आठजण कागदावर वेगळ्याच नावाच्या फर्मचे. कायद्याने ही दारं एकेक करून बंद केली. ठेकेदाराची माणसंही मोजणीत धरली जातात आणि त्यांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. शाखा आणि विभाग मिळून एकच आस्थापना मानली जाते. एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या विसाच्या खाली गेली तरी तो लागूच राहतो. नोंदणी केली नाही म्हणून कायदा लागू नाही, असंही नाही. अट पूर्ण झाली त्या दिवसापासून देणं सुरू होतं. 'पीएफ हवा की हातात जास्त पगार?' असं जे नोकरीला लागताना विचारलं जातं, त्याला पंधरा हजारांपर्यंतच्या पगाराच्या बाबतीत कायद्यात जागाच नाही. कामगाराने सही करून दिली तरी तो हक्क सुटत नाही. आणि मालकाला स्वतःचा हिस्सा कामगाराच्या पगारातून वळता करता येत नाही किंवा वर्गणी द्यावी लागते म्हणून पगारही कमी करता येत नाही.

थकबाकीचं दुखणं पहिल्या दहा वर्षांतच दिसू लागलं होतं. १९६० मध्ये एक विशेष राखीव निधी काढावा लागला, तो कशासाठी हे लक्षात घेण्यासारखं आहे. नोकरी सोडून जाणाऱ्या किंवा मरण पावलेल्या कामगाराच्या पगारातून पैसे कापले गेले होते, पण मालकाने ते भरले नव्हते. त्याच्या घरच्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं का? तर नाही, या निधीतून द्यायचं. ही माणुसकीची व्यवस्था होती. पण मालक बुडवतो हे सरकारने गृहीत धरल्याचीच ती कबुलीही होती.

मग न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की थकबाकीची वाढ रोखायची तर शिक्षा कडक करा आणि हा गुन्हा दखलपात्र करा. १९७३ ची दुरुस्ती त्यातून आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष हेच. थकबाकीवर मालकाकडून दंडासारखी घेतली जाणारी नुकसानभरपाई तोवर जास्तीत जास्त पंचवीस टक्के होती, ती थकलेल्या रकमेइतकी, म्हणजे शंभर टक्क्यांपर्यंत नेता येऊ लागली. आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम ४०५ ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: पगारातून वर्गणी कापणारा मालक त्या पैशाचा विश्वस्त मानला जाईल, आणि त्याने ती भरली नाही तर तो फौजदारी विश्वासघात. आज हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे.

हा फरक कामगाराने नीट ध्यानात ठेवावा. मालकाने स्वतःचा हिस्सा थकवणं ही थकबाकी आहे, तिच्यासाठीही शिक्षा आहे. पण पगारातून कापलेला पैसा ठेवून घेणं म्हणजे दुसऱ्याचा पैसा वापरणं. १९५२ च्या कायद्यातही पुढे या दुसऱ्या प्रकाराला वेगळी, अधिक कडक शिक्षा ठेवली गेली. तक्रारअर्ज लिहिताना 'पीएफ भरत नाहीत' एवढंच लिहू नये. 'अमुक महिन्यापासून कापतात आणि भरत नाहीत' असं लिहावं.

वाढलेल्या नुकसानभरपाईला कारखानदारांनी आव्हान दिलं. ऑर्गॅनो केमिकल इंडस्ट्रीजच्या खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. वीज तोडली, धंदा मंदा आहे, भागीदारांत भांडण आहे अशा कारणांनी कामगारांचा पैसा अडवता येत नाही, ही भूमिका तिथून पक्की होत गेली. २०२२ मध्ये न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की नुकसानभरपाई लावायला मालकाचा वाईट हेतू सिद्ध करण्याचीही गरज नाही.

पेन्शन या कहाणीत उशिरा आली. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन योजना झाली, पण ती नोकरीत असताना मरण पावलेल्याच्या कुटुंबासाठी होती. खुद्द कामगाराला निवृत्तीनंतर पेन्शन मिळू लागली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के या योजनेत जातात आणि पेन्शन किती ते नोकरीच्या वर्षांवर ठरतं: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. वीस वर्षं पूर्ण करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. पंधरा हजारांवर वीस वर्षांची पेन्शन होते ४,७१४ रुपये. मालकाने थकवलेली तीन वर्षं हिशेबातून गळाली आणि सतराच उरली, तर ती दोन वर्षांची वाढही जाते आणि पेन्शन येते ३,६४३. मरेपर्यंत दर महिन्याला १,०७१ रुपये कमी. दहा वर्षांच्या आसपास असलेल्याचं तर आणखी कठीण, कारण दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही.

पण १९९५ च्या योजनेतली व्याख्या कामगाराच्या बाजूची आहे. तिच्या मते वर्गणीची नोकरी म्हणजे ज्या काळाची वर्गणी जमा झाली आहे 'किंवा येणे आहे' तो काळ. म्हणजे मालकाने भरलं नाही म्हणून वर्षं पुसली जात नाहीत. मालकाकडून वसूल करणं हे ईपीएफओचं, म्हणजे हा निधी चालवणाऱ्या सरकारी संघटनेचं काम. अडचण पुराव्याची येते. नोकरीचाच कागद नसेल तर 'येणे आहे' हे दाखवायचं कशावरून? म्हणून नेमणूकपत्र, पगारपावत्या, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, फॉर्म १६ हे सगळं जपून ठेवा असं जुने युनियनवाले कानीकपाळी सांगत आले आहेत.

वसुलीच्या बाजूने महाराष्ट्राला जवळचा निकाल २००९ चा. आजारी सहकारी साखर कारखान्यांच्या गोदामातली साखर राज्य सहकारी बँकेकडे तारण होती आणि कामगारांचा पीएफ थकला होता. आधी कोण? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आधी कामगारांचा पीएफ, त्यावरचं व्याज आणि नुकसानभरपाईसुद्धा, मग बँक. साखर कारखान्यात आयुष्य घातलेल्या माणसांसाठी हा निकाल फार मोठा होता. दिवाळखोरीच्या २०१६ च्या संहितेनेही पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली कामगारांची रक्कम कंपनीच्या विक्रीयोग्य मालमत्तेबाहेर ठेवली. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची थकलेली पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, या अपील न्यायाधिकरणाच्या आदेशावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

एवढं सगळं असूनही एक गाठ तशीच राहिली. १९५२ च्या कायद्याखाली कामगार स्वतः न्यायालयात जाऊन मालकावर खटला भरू शकत नव्हता. निरीक्षकाने वरिष्ठांच्या मंजुरीने लेखी अहवाल दिला तरच न्यायालय दखल घेणार. कामगाराने तक्रार करायची, मग ईपीएफओच्या कार्यालयाने कलम ७अ ची, म्हणजे थकबाकी ठरवण्याची चौकशी लावायची, रक्कम ठरवायची, बारा टक्के व्याज आणि नुकसानभरपाई लावायची आणि तरीही नाही दिलं तर वसुली अधिकाऱ्याने खातं गोठवायचं, मालमत्ता जप्त करायची. अधिकार भक्कम आहेत, पण ते कामगाराच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी वापरायचे आहेत. विश्वासघाताची फिर्याद पोलिसांत देता येते, तो एक वेगळा रस्ता. चौकशी अधिकाऱ्याला साक्षीदार आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, म्हणून तक्रारीत सहकाऱ्यांची नावं आणि मस्टर कुठे ठेवतात तेही लिहिलेलं बरं.

२०१४ मध्ये यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा सदस्याचा पीएफ क्रमांक आला आणि निदान आंधळेपणा संपला. त्याआधी वर्षाअखेरीची चिठ्ठी मालकामार्फत यायची. म्हणजे ज्याने पैसे भरले नाहीत त्याच्याकडेच हिशेब मागायचा. आता महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली की नाही हे स्वतः पाहता येतं.

उलट दिशेचंही एक पाऊल पडलं आहे. जून २०२४ मध्ये नुकसानभरपाईचा दर थकबाकीच्या महिना एक टक्का असा सरसकट झाला. त्याआधी सहा महिन्यांहून अधिक थकवलं तर तो वर्षाला पंचवीस टक्के होता. पैसे वेळेवर न भरणं मालकाला स्वस्त झालं, असंच याचं वाचन मी करतो.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, १९५२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जुन्या कायद्यात नव्हती ती कालमर्यादा आणली आहे. वाद उद्भवल्यापासून पाच वर्षांनंतर रक्कम ठरवण्याची चौकशी सुरू करता येणार नाही. सुरू झालेली चौकशी दोन वर्षांत, फार तर आणखी एका वर्षाच्या मुदतवाढीत संपवायची. दुसरा भाग कामगाराच्या सोयीचा आहे, कारण या चौकश्या वर्षानुवर्षं रेंगाळत. पहिला भाग मात्र त्याच्यासाठी धोक्याचा आहे, जो पासबुक निवृत्तीचा अर्ज भरतानाच पहिल्यांदा उघडतो.