आद्य फ्लेमिश चित्रकला

पंधराव्या शतकात आजच्या बेल्जियममधील ब्रूज, गेंट, तूर्ने, ब्रुसेल्स आणि ल्यूव्हेन या शहरांत बहरलेला चित्रसंप्रदाय. हा प्रदेश मुख्यतः बर्गंडीच्या ड्यूकांच्या सत्तेखाली होता. तूर्ने मात्र थेट फ्रेंच राजाच्या अमलाखाली असे. संप्रदायाचा आरंभ सामान्यतः १४२० च्या सुमारास आणि अखेर जेरार्ड डेव्हिड या चित्रकाराच्या मृत्यूपर्यंत (१५२३) धरतात. काही अभ्यासक थोरल्या पीटर ब्रूगलपर्यंत (मृत्यू १५६९) ही परंपरा नेतात. तथापि ब्रूगलची निसर्गदृष्टी आणि त्याचा ग्राहकवर्ग वेगळा असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे श्रेयस्कर. १९०२ मध्ये ब्रूज येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात या चित्रकारांना ‘फ्लेमिश आदिम’ असे म्हटले गेले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. या चित्रांत आदिम असे काहीही नाही. यूरोपीय चित्रकलेतील तंत्रदृष्ट्या अत्यंत परिपक्व कृतींत त्यांची गणना करावी लागते.

तैलरंगाचा प्रश्न : तैलरंगाचा शोध यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकाराने लावला, ही समजूत प्रामुख्याने इटालियन चित्रकार जॉर्जो व्हाझारी याच्या १५५० मधील कलावंतचरित्रांमुळे पसरली. यानने रोगण लावलेला एक फलक उन्हात वाळत ठेवला असता तो तडकला. तेव्हा सावलीत वाळणारे रोगण शोधताना जवसाच्या व अक्रोडाच्या तेलाचे गुण त्याला उमगले, अशी कथा व्हाझारी सांगतो. आन्तोनेल्लो दा मेसीना या इटालियन चित्रकाराने फ्लँडर्सला जाऊन प्रत्यक्ष यानकडून हे गुपित मिळवले व इटलीत आणले, असेही तो लिहितो. यान १४४१ मध्ये वारला आणि आन्तोनेल्लोचा जन्म १४३० च्या सुमाराचा मानला जातो, तेव्हा कथेचा हा भाग टिकत नाही.

मूळ दाव्यालाही फार आधीचे पुरावे बाधक ठरतात. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थिओफिलस या भिक्षूच्या हस्तकलाविषयक ग्रंथात जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती दिलेली आहे. मात्र प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावे लागते आणि आकृतिचित्रणात हे फार कंटाळवाणे होते, असे तो नमूद करतो. जर्मन साहित्यिक लेसिंग वोल्फनब्यूटेल येथे ग्रंथपाल असताना त्याने हा मजकूर उजेडात आणला आणि १७७४ मध्ये व्हाझारीच्या मताला पहिला मोठा धक्का दिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी हाही तैलरंगाची पद्धत सांगतो आणि जर्मन लोक ती फार वापरतात, असे म्हणतो. नॉर्वेतील तेराव्या शतकातील वेदिफलकांत (चर्चमधील वेदीचे चित्रित फलक) वाळणारी तेले आढळली आहेत. अफगाणिस्तानातील बामियानच्या गुंफांमधील, बहुधा सातव्या शतकाच्या आसपासच्या, काही भित्तिचित्रांतही तशी तेले असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणांतून दिसून आले. फ्लँडर्सशी या शेवटच्या पुराव्याचा संबंध जोडता येत नाही. परंतु माध्यमाचे जनकत्व एकाच व्यक्तीला देणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून कळते. यानच्या मृत्यूनंतर सुमारे पंधरा वर्षांनी बार्तोलोमेओ फात्सिओ या इटालियन विद्वानाने त्याला आपल्या काळातील अग्रगण्य चित्रकार म्हटले व रंगांच्या गुणधर्मांविषयीच्या त्याच्या ज्ञानाची वाखाणणी केली. तैलरंगाच्या शोधाचा उल्लेख मात्र तेथे नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

यानचे श्रेय शोधात नसून हाताळणीत आहे, हे मत आज बहुतांशी मान्य आहे व तेच ग्राह्य वाटते. त्याने नेमके काय केले असावे, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून तर्क चालत आले. गुप्त राळमिश्रण, तेल व अंड्याचे पायस (इमल्शन), बाष्पनशील द्रावक अशी अनेक अनुमाने मांडली गेली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील व इतरत्र झालेल्या नमुना-परीक्षणांचा निष्कर्ष त्यामानाने साधा आहे : माध्यम बहुधा जवसाचे तेल, काही वेळा उष्णता देऊन दाट केलेले, क्वचित पारदर्शक थरांत थोडी पाइन वृक्षाची राळ, काही चित्रांत खालच्या थरांपुरते अंडे.

चित्रणपद्धती : फलक ओक लाकडाचे असत. हे लाकूड बव्हंशी बाल्टिक प्रदेशातून समुद्रमार्गे येई. त्यामुळे तेथील झाडांशी ताडून खोडातील वार्षिक वलयांवरून झाड अगदी लवकरात लवकर केव्हा तोडले गेले असेल, हे काढता येते आणि कालनिर्णयाला एक खालची मर्यादा मिळते. (वरची मर्यादा या पद्धतीने मिळत नाही, हे काही लेखनांत विसरले जाते.) फलकावर खडू व सरस यांचे गुळगुळीत पांढरे अस्तर देत, इटलीत याच कामी जिप्सम वापरत. अस्तरावर कुंचल्याने किंवा टोकदार साधनाने रेखाटन करीत. १९६० नंतरच्या दशकात व्हान आस्पेरेन द बूर या डच संशोधकाने विकसित केलेल्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रतिबिंबन पद्धतीमुळे रंगाखालचे हे रेखाटन दिसू लागले आणि गुरू कोणता, शिष्य कोणता, चित्रकाराने कोठे मन बदलले, या प्रश्नांना नवे वळण मिळाले.

त्यावर आधी अपारदर्शक, फिकट थर व मग एकावर एक पारदर्शक लेप चढवीत. प्रकाशकिरण या लेपांतून पांढऱ्या अस्तरापर्यंत जाऊन परत फिरतो. रंगाला आतून उजेड असल्याचा भास होतो तो यामुळे. चिक्कणरंगात (अंड्याच्या बलकात कालवलेला, लगेच वाळणारा रंग) छटा मिसळण्यासाठी बारीक रेषांचे जाळे विणावे लागे. तेल सावकाश वाळत असल्याने ओल्या रंगातच छटा एकजीव करता आल्या. थिओफिलसला जो संथपणा जाचक वाटला, त्याचेच यानने सामर्थ्य केले. रंगद्रव्यांत शिशाचा सफेदा, शिसे-कथिलाचा पिवळा, हिंगूळ, जंगाल, ॲझुराइट (तांब्याचे निळे खनिज) व लाखी तांबडे ही प्रमुख होत. बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दापासून केलेला निळा सर्वांत महाग. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी खाली ॲझुराइट देऊन वर या महागड्या निळ्याचा पातळ थर देण्याची रीत होती.

गेंटची वेदिका आणि ह्यूबर्ट : संत बाव्हो कॅथीड्रलमधील, गूढ कोकराची (ख्रिस्ताचे प्रतीक) उपासना दाखवणारी बहुफलकी वेदिका, म्हणजे वेदीवर मांडायचा चित्रफलकांचा संच, ही संप्रदायाची सर्वांत मोठी कृती. चौकटीवरील लॅटिन काव्यपंक्तींनुसार, ज्याच्याहून श्रेष्ठ कोणी आढळला नाही अशा ह्यूबर्ट व्हान आइकने हे काम आरंभिले आणि त्याचा भाऊ, कलेत दुसरा असलेला यान, याने योस व्हेइट या आश्रयदात्यासाठी ते पूर्ण केले. शेवटच्या ओळीतील रोमन अंकदर्शक अक्षरांची बेरीज १४३२ येते. दिवस ६ मे.

या पंक्ती रंगाखाली झाकल्या गेल्या होत्या व १८२३ मध्ये बर्लिन येथे, तेव्हा तेथे असलेले वेदिकेचे पंखफलक (बाजूंचे मिटते फलक) साफ करताना, उघड झाल्या. १९३३ मध्ये एमील रेंडर्स याने त्या बनावट असून गेंटच्या अभिमानी विद्वानांनी ह्यूबर्ट नावाचा चित्रकारच कल्पिला, असा आरोप केला. हे मत फार ताणलेले आहे. गेंट नगराच्या हिशेबवह्यांत १४२० नंतरच्या दशकात या नावाच्या चित्रकाराला दिलेल्या रकमांच्या नोंदी सापडतात आणि त्याचा मृत्यू १४२६ मध्ये झाल्याचे मानले जाते. २०१२ पासून चाललेल्या जीर्णोद्धाराच्या वेळी झालेली परीक्षणेही लेखाच्या अस्सलपणाकडेच झुकतात. ह्यूबर्ट होता, याविषयी आता फारशी शंका उरलेली नाही. परंतु त्याची निश्चित अशी दुसरी एकही कृती उपलब्ध नसल्याने वेदिकेतील त्याचा हात वेगळा काढण्याचे प्रयत्न अनुमानाच्या पातळीवरच राहतात. याच जीर्णोद्धारात सोळाव्या शतकातील विस्तृत वररंग काढले गेले आणि कोकराचा मूळचा, थेट समोर पाहणारा चेहरा दिसू लागला. वेदिकेतील ‘न्यायी न्यायाधीश’ हा फलक एप्रिल १९३४ मध्ये चोरीला गेला. त्याच्या जागी नक्कल आहे.

इतर चित्रकार : तूर्नेचा रॉबर्ट काम्पिन (मृत्यू १४४४) आणि ‘फ्लेमाल चित्रकार’ हे एकच, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. हे दुसरे नाव फ्रँकफुर्टमधील काही फलक फ्लेमाल येथील मठातून आल्याच्या चुकीच्या समजुतीवरून पडले. तसा मठ तेथे नव्हता. काम्पिनच्या नावावरची चित्रे एकाच हाताची नसून कार्यशाळेची असावीत, हे मत अलीकडे बळावले आहे. रोगीर व्हान डर वायडेन (मृत्यू १४६४) १४२७ मध्ये काम्पिनच्या कार्यशाळेत दाखल झाला व १४३२ मध्ये श्रेणीचा (व्यवसायसंघाचा) स्वतंत्र सदस्य झाला. ल्यूव्हेनच्या धनुर्धारी श्रेणीसाठी त्याने रंगवलेले ‘क्रूसावरून अवतरण’ (प्रादो, माद्रिद) शोकाच्या आविष्कारात अद्वितीय आहे : मूर्च्छित मेरीचा देह पुत्राच्या देहाचीच वळणे घेतो. यान वस्तूंच्या पृष्ठभागावर खिळून राहतो. रोगीर भावनेसाठी अवकाश आवळून घेतो. शतकाच्या उत्तरार्धातील चित्रकारांनी रोगीरचेच अधिक अनुकरण केले. डीरिक बाउट्सने ल्यूव्हेनमध्ये १४६४ पासून रंगवलेल्या ‘अंतिम भोजना’च्या करारात धर्मशास्त्राच्या दोन प्राध्यापकांचा सल्ला घेण्याची अट होती. पेट्रस क्रिस्टस, हान्स मेमलिंक व ह्यूगो व्हान डर गूस हे अन्य महत्त्वाचे चित्रकार.

अर्थनिर्णय : यानने रंगवलेले, लंडनमधील आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र (१४३४) हे विवाहाचे साक्षपत्रच होय, असे कलेतिहासकार एर्विन पानॉफ्स्कीने १९३४ मध्ये मांडले. मागील भिंतीवर, यान येथे होता, अशी स्वाक्षरी आहे आणि बहिर्गोल आरशात दारात उभ्या दोन व्यक्ती दिसतात. कुत्रा, खडावा, झुंबरातील एकच पेटती मेणबत्ती यांत प्रच्छन्न प्रतीके असल्याचे त्याचे विवेचन अनेक दशके प्रमाण मानले गेले. पुढे वाङ्‌निश्चय, निव्वळ व्यक्तिचित्र, मृत पत्नीचे स्मारक असे पर्याय पुढे आले. ज्या जोवान्नी आर्नोल्फिनीचे हे चित्र मानले जाई, त्याचा विवाह १४४७ मध्ये झाल्याचा कागद मिळाल्यावर त्याच घराण्यातील दुसऱ्या जोवान्नीकडे लक्ष वळले. प्रत्येक वस्तूला सांकेतिक अर्थ चिकटवण्याविषयी सावधगिरी बाळगणे आता इष्ट मानतात.

प्रसार : ब्रूजमधील इटालियन व्यापारी व पेढीवाले हे मोठे ग्राहक. मेदिची पेढीचा तेथील प्रतिनिधी तोम्माझो पोर्तिनारी याने व्हान डर गूसकडून करवून घेतलेली वेदिका १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचली; तेथील चित्रकार गिर्लांदायोच्या १४८५ मधील चित्रातील मेंढपाळांवर तिची छाप उघड आहे. शतकाच्या अखेरीस व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि तयार चित्रांची खुली विक्री वाढली. पुढील शतकात अँटवर्पच्या छापखान्यांतील उत्कीर्ण चित्रे दूरवर गेली. तेथे छापलेले बहुभाषी बायबल गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये फतेपूर सीक्री येथे अकबराला दिले, परंतु तो विषय उत्तरकालीन मुद्राचित्रांचा आहे.

कापडावर सरसमिश्रित रंगांनी काढलेली स्वस्त चित्रे त्या काळी फलकचित्रांच्या बरोबरीने विकली जात. ती नाजूक असल्याने फारच थोडी उरली. बाउट्सचे लंडनमधील ‘दफन’ हे त्यांतील ठळक उदाहरण. १५६६ मध्ये प्रॉटेस्टंटांनी केलेल्या मूर्तिभंजनात चर्चमधील वेदिकाही मोठ्या संख्येने नष्ट झाल्या.