पार्श्वभूमी: आफ्रिकेतल्या बायकांचे टोप आणि गंगावनं

१ जानेवारी १९६९ रोजी टांझानियात ‘ऑपरेशन विजाना’ सुरू झालं. राष्ट्रीय संस्कृती जपायची म्हणून सत्ताधारी टानू पक्षाच्या युवक संघटनेने तोकडे स्कर्ट, घट्ट विजारी, कातडी उजळवणारी क्रीमं आणि केसांचे टोप यांवर बंदी घातली. घोषणा आदल्या ऑक्टोबरातच झाली होती. तारखेची वाट न बघता दार-ए-सलामच्या कारियाकू भागात टोळक्यांनी बायकांना अडवायला, त्यांच्या कपड्यांना हात घालायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांत बाजूने आणि विरोधात पत्रांचा पाऊस पडला. बंदीवाल्यांचं म्हणणं असं की, टोप म्हणजे गोऱ्या बाईची नक्कल, आपल्या संस्कृतीत हे कधी नव्हतंच.

यातलं पहिलं विधान निदान वाद घालण्याजोगं आहे. दुसरं साफ चुकीचं आहे.

आफ्रिकेत केसांना केस जोडण्याचा पुरावा पार इजिप्तमधल्या राजवंशांच्याही आधीचा मिळतो. दक्षिण इजिप्तमधल्या हिएराकोनपोलिस इथे इसवीसनपूर्व ३४००च्या सुमारास पुरलेल्या एका बाईच्या डोक्यावर जोडलेले केस सापडले. तिच्या पांढऱ्या केसांना मेंदीही लावलेली होती. पुढे इजिप्तमधल्याच अमार्ना इथे, सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत एका बाईच्या डोक्यावर साधारण ७० वेगवेगळी गंगावनं थरावर थर रचून बसवलेली मिळाली. श्रीमंतांचे टोप तर खऱ्या केसांचेच असत. थीब्ज या प्राचीन इजिप्शियन शहरातला एक टोप ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सुमारे ३०० बटा, एकेका बटेत चारेकशे केस, आणि ते बसून राहावेत म्हणून मधमाशीचं मेण आणि राळ यांचं मिश्रण. अमार्नाच्या राजघराण्यातल्या बायकांचा एक आवडता टोप अभ्यासक ‘न्युबियन टोप’ म्हणून ओळखतात. आखूड, दाट कुरळ्या बटांचा हा टोप दक्षिणेकडच्या न्युबियन लोकांच्या केसांवरून बेतलेला. म्हणजे नक्कल होत होती, पण काळ्या माणसाच्या केसांची.

इजिप्तचं उदाहरण सगळे देतात. मला त्याहून नामिबियाच्या उत्तरेकडच्या म्बालान्तू बायकांची रीत जास्त बोलकी वाटते. मुलगी बाराएक वर्षांची झाली की ओमुत्यूला झाडाच्या सालीची बारीक पूड तेलात कालवून तिच्या केसांवर जाड लेप देत. लेपाखाली केस तुटत नाहीत, वाढत राहतात. काही वर्षांनी लेप सैल केला की केसांच्या टोकांना जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने फळांच्या बिया बांधत. सोळाव्या वर्षाच्या आसपास बिया जाऊन त्यांच्या जागी स्नायूचे लांबच लांब दोरे येत, जमिनीला टेकतील इतके. ‘ओहांगो’ नावाच्या संस्कारानंतर मुलीला बाईचा मान मिळे. त्या वेळी याच दोऱ्यांच्या ‘एम्बुवी’ नावाच्या जाड वेण्या करत आणि लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर त्यांचाच मुकुटासारखा साज रचत. वजन इतकं की मान अवघडू नये म्हणून कपाळावरून चामड्याची पट्टी घेऊन भार वाटून द्यावा लागे. कोण कुठल्या वयाची, कोण लग्नाची, कोण लग्न झालेली, हे केसांवरून कळत असे.

शेजारच्या हिम्बा बायका लोणी आणि गेरू यांचा ‘ओत्जिझे’ हा लेप लावतात आणि वेण्यांच्या टोकांना बकरीचे केस जोडतात. आता बाजारातले कृत्रिम केसही लावतात, त्यात कुणाला काही बिघडल्यासारखं वाटत नाही. काँगोतल्या मांग्बेटू बायका केस टोपलीसारख्या साच्यावर ताणून मागे पसरट प्रभावळ करत. झुलू बायकांची ‘इसिचोलो’ ही रुंद गोल टोपी मुळात गेरू आणि चरबी लावून उभी केलेली केशरचना होती. डोक्यावर रोज बाळगण्यापेक्षा काढून ठेवता येईल अशी टोपी बरी, असं पुढे झालं आणि विसाव्या शतकात तीच रूढ झाली. टोपाची कल्पना याहून वेगळी ती काय!

नायजेरियातल्या योरुबा समाजात ‘ओरी’, म्हणजे डोकं, हे माणसाच्या नशिबाचं ठिकाण. त्यामुळे केस विंचरणाऱ्या ‘ओनिदिरी’ बाईला मान असे, आणि डोकं कुणाच्याही हाती देत नसत. वेण्या डोक्याच्या माथ्यावर टोपलीसारख्या गोळा केल्या की ‘शुकू’, मानेकडे सरळ नेल्या की ‘कोलेसे’. केसांना काळा दोरा गुंडाळून काड्यांसारखे ताठ उभे करण्याची पद्धत वेगळी, ती ‘इरुन किको’.

गुलामांच्या व्यापारात पकडलेल्यांची डोकी अनेकदा भादरली जात. कारण स्वच्छतेचं दिलं जाई, पण गाव, कूळ आणि दर्जा सांगणारी खूण त्यात पुसली जायची. मिशनऱ्यांच्या शाळांनीही मुलींचे केस बारीक कापायची शिस्त आणली, आणि घाना, युगांडासारख्या देशांतल्या कित्येक शाळांत ती अजून चालू आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर वंश ठरवायला केसांत पेन्सिल खुपसून बघत. पेन्सिल घसरून पडली तर माणूस गोरा, अडकली तर नाही. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीचा शेवट होऊन दोन दशकं उलटल्यावर, ऑगस्ट २०१६मध्ये, प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्समध्ये काळ्या मुलींना केस ‘नीट’ करायला सांगितलं जात होतं. त्याविरुद्ध मुली उभ्या राहिल्या. त्यांच्यात पुढे असलेली झुलैखा पटेल तेव्हा १३ वर्षांची होती.

या दबावाखाली सरळ केस म्हणजे नोकरीलायक केस असं समीकरण झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६०च्या दशकात शहरांत टोप आले तेव्हा त्यांचा नमुना युरोपी होताच. पण ते घेणाऱ्या बऱ्याचशा बायका टायपिस्ट, नर्स, शिक्षिका, स्वतःच्या पगारावर उभ्या असलेल्या. दार-ए-सलामच्या पोरांना डाचत होतं ते टोपापेक्षा हे, असं मला वाटतं. पुरुषांचे सूट काही कुणी उतरवले नाहीत.

त्याच सुमारास नायजेरियात उलटा प्रवाहही जोरात होता. १९६०मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोरा गुंडाळलेल्या जुन्या रचनांना नवी नावं मिळाली. ‘ओनिले गोगोरो’ म्हणजे उंच इमारत. आणि लागोसमधल्या पुलावरून ‘एको ब्रिज’. छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेकेरे यांनी १९६८पासून या केशरचनांचे जवळजवळ हजार फोटो काढले, बहुतेक पाठमोरे, म्हणजे चेहरा नाही, फक्त केसांचं बांधकाम.

आज जे प्रत्यक्ष दिसतं ते मात्र तंत्राने आणि व्यापाराने घडवलं. जपानच्या कानेका कंपनीने १९५७मध्ये कानेकॅलॉन हा कृत्रिम केसांचा तंतू बाजारात आणला. अमेरिकेत क्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय केशरचनाकार बाईने डोक्यावरच्या वेण्यांना केसांची पट्टी शिवायची पद्धत शोधली. १९५२मध्ये तिला पेटंट मिळालं. आधी स्वतःच्या केसांच्या डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या, मग त्यांवर वाकड्या सुईने शिवलेली पट्टी, हा ‘वीव्ह’चा सांगाडा आजही तोच आहे. नैरोबीच्या केन्याटा मार्केटमध्ये तर एका डोक्याभोवती दोन-तीन बायका एकदम उभ्या असतात. एक कृत्रिम केसांचा गुच्छ सारख्या बटांत वाटते, बाकीच्या बटा वेण्यांत घालतात, आणि शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात म्हणजे ती उसवत नाहीत. वेणी मुळाशी फार ताणली तर कपाळाजवळचे केस कायमचे जातात. केप टाउन विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञ नोनह्लान्हला खुमालो यांनी या दुखण्याचा बराच अभ्यास केला आहे.

या धंद्याची एक दोरी आपल्याकडे, विक्रोळीत येते. मुंबईच्या गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने २००८मध्ये दक्षिण आफ्रिकेतली ‘किंकी’ ही केसांची कंपनी घेतली, आणि २०११मध्ये १४ आफ्रिकी देशांत पसरलेल्या ‘डार्लिंग’ समूहात ५१ टक्के हिस्सा. साबण आणि केसांच्या रंगासाठी आपण जिला ओळखतो ती कंपनी तिकडे वेण्यांचे कृत्रिम केस विकू लागली.

खऱ्या केसांची वाटही भारतातून जाते. तिरुपतीजवळच्या तिरुमला देवस्थानात कल्याणकट्ट्यावर, म्हणजे मुंडणाच्या जागी, उतरवलेले केस लांबीप्रमाणे वेगळे करून लिलावात जातात आणि देवस्थानाला वर्षाला शंभर कोटींहून जास्त मिळवून देतात. एकाच वेळी कापलेले असल्याने त्यांची मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला राहतात. व्यापारी यांना ‘रेमी’ म्हणतात, भाव याच केसांना. महाराष्ट्रात गल्लोगल्ली केसांच्या गुंतवळावर भांडी देणाऱ्या बायका जे गोळा करतात तो माल दुसऱ्या प्रतीचा. त्यात मुळं-टोकं सरमिसळ झालेली, त्यामुळे केस एकमेकांत अडकतात. कर्नाटकातल्या कोप्पळजवळ भाग्यनगरसारख्या ठिकाणी हे गुंते हाताने सोडवतात. पुढे आम्लात बुडवून वरचा खवलेदार थर काढतात आणि सिलिकोनने चमक देतात. यातला बराच माल चीनला जात आला आहे, तिथे हेनान प्रांतातलं शूचांग हे टोपांचं मोठं केंद्र. कच्च्या केसांच्या निर्यातीवर भारताने २०२२मध्ये निर्बंध आणले, ते इथल्या कारखान्यांना माल मिळावा म्हणून.

लागोसच्या दुकानात हेच केस ‘ब्राझिलियन’ किंवा ‘पेरुव्हियन’ नावाने मिळतात, आणि त्यातले बरेचसे ब्राझीलच्या वाटेलाही गेलेले नसतात. गिऱ्हाइकांना हे ठाऊक असतं. ती नावं आता केसाचा पोत सांगतात, देश नव्हे. गेल्या दशकात केस सरळ करायची रसायनं सोडून आपले केस आहेत तसे वाढवणाऱ्या बायका वाढल्या, पण टोप काही त्यांनी टाकला नाही. खाली वेण्या घालायच्या, वर टोप ठेवायचा, म्हणजे रोजच्या विंचरण्याने केस तुटत नाहीत, असा हिशेब. त्यांच्यासाठी बाजारात ‘आफ्रो किंकी’ टोप आले आहेत. ते करताना आशियाई बायकांचे सरळ केस बारीक कांड्यांवर गुंडाळून वाफेवर धरतात, अगदी घट्ट कुरळे होईपर्यंत.